चिमट्यांच्या टोपलीतलं बाळंतपण

धाकटे,

तुला आक्काचे ओंजळभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझा तसाच, म्हणजे तुझ्यापेक्षा जास्त दुखतो. (शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा चुका पोटात घाल.)

महिनाभर राहायला ये म्हणून तू तीनदा फोन केलास, वर रुसलीस. पण बाळंतीण टाकून कशी येऊ? सून नव्हे गं, बुलबुलीण! परसात कपड्यांच्या दोरीला चिमट्यांची टोपली टांगलेली असते ना, तीतच बाईनं घरटं केलं. तीन अंडी. त्याच दिवशी मी दोरी बंद केली, धुणं हॉलमध्ये. (मुलगा दमट शर्ट घालून ऑफिसला जातो. वाळतो की वाटेत.)

आणि बाप कसा म्हणशील! पिल्लांना भरवतोच, शिवाय त्यांची शी चोचीत धरून लांब टाकून येतो. मी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. पाच पोरं झाली, पण ह्यांनी एक दुपटं उचललं असेल तर शपथ. तर म्हणतात, "त्याला कुठे नोकरी आहे?" हे रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, आहेस कुठे!

गुरुवारी एक पिल्लू खाली पडलं. मी उचलून टोपलीत ठेवलं. परत पडलं, परत ठेवलं. तिसऱ्यांदा बापानं माझ्या डोक्यातच चोच मारली, सगळा अंबाडा सुटला. मग मी छत्री घेऊन बसले. खिडकीतून सून म्हणते, "अहो आई, पडत नाहीये ते, उडायला शिकतंय. तुम्ही दरवेळी त्याला पहिलीत नेऊन बसवताय!" शिकलेली आहे, असेल तिचं बरोबर. तरी मी आणखी एकदा ठेवलंच. शेजारणीचं मांजर काय तिला विचारून येणार आहे?

तेव्हा पिल्लं उडेपर्यंत माझा पाय इथून निघायचा नाही. राग मानू नकोस.

तुझी आक्का

ता. क. पिल्लं शुक्रवारीच उडाली. पत्र आज सोमवारी लिहितेय. खरं सांगू? तुझ्या नवव्या मजल्यावर खिडकीतून नुसती दुसऱ्यांची खिडकी दिसते.

आणखी ता. क. त्यापेक्षा तूच ये, चांगली महिनाभर. इथे मी सांगून ठेवलंय की तू एकटी कंटाळलीस म्हणून मी तुला बोलावतेय. तूही तसंच म्हण. तीन पिल्लांतल्या एकानंही मागे वळून बघितलं नाही गं. आणि आलीस की ह्यांना काही विचारू नकोस, ते सांगतील मी रडले म्हणून.