निळा वाघ छप्पर फोडून येतो

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तोच! आज कड्यावरून लोंबकळत होतो. हातात एक फांदी, खाली मगरी, आणि वर कड्याच्या टोकाला कमरेवर हात ठेवून निळा वाघ भाषण करतोय – दुष्टांनो, तुमची घटका भरली, वगैरे वगैरे. कोणते दुष्ट? तिथे मी आणि मगरी एवढेच होतो!

‘वाघा, आधी दोर टाक!’ असं मी मोठ्याने ओरडलो म्हणे. बायकोने हलवून उठवलं. ‘अहो, पन्नाशी आली. या वयात लोकांच्या स्वप्नात देव येतात.’

देवाचं नाव घेऊनच झोपतो मी. नाव त्याचं घ्यावं आणि यावं याने – निळा मुखवटा, निळी विजार, वर लाल चड्डी! माझी हाक वर पोचते की मधेच कुणी उचलतं, देव जाणे.

बुधवार, ५ मार्च

स्वप्न नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, हे बायकोला सांगितलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज दिवसभर निळ्या वाघाची ती चित्रांची पुस्तकं आठवत होती. खरखरीत कागद, रंग रेषेबाहेर गेलेले, वाघाचे ओठ नाकावर छापलेले. गावच्या शाळेत मागच्या बाकावर आम्ही दोघं. पुस्तकं आमच्या मालकाची – तेव्हा तो मालक नव्हता, नाक पुसायला माझाच रुमाल घ्यायचा. त्याचा मामा शहरातून अंक आणायचा. पुस्तक त्याचं, म्हणून वाघ तो. मी कायम ढब्बू.

ढब्बू म्हणजे वाघाचा जाडा सोबती. दर अंकात पकडला जायचा, बांधला जायचा, लोंबकळायचा, आणि शेवटच्या पानावर म्हणायचा, ‘वाघा, तू नसतास तर!’ मी तेव्हा काडीसारखा होतो. पण प्रश्न जाडीचा नव्हता, पुस्तक कुणाचं याचा होता.

आता त्याची मोठी लॉन्ड्री आहे. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी ट्रकने येतात. मी तिथे मुकादम. चारचौघांत मी त्याला मालक म्हणतो. तो मला चारचौघांतही ढब्बूच म्हणतो. नव्या बायकांना वाटतं आडनावच आहे!

आज वाईट वाटण्याचं कारण दुसरंच. चादरी सरळ करायचं आमचं गरम रुळांचं यंत्र आहे. त्याच्या तोंडाशी एक पट्टी असते – बोट लागलं की यंत्र थांबतं. पण चादरीची जाड घडी लागली तरी थांबतं. मालकाने सकाळी स्वतः तार आणून पट्टी वर बांधून टाकली. ‘सारखं थांबतं म्हातारीसारखं!’ मी नको म्हटलं. हसला. ‘ढब्बू, तू अजून मगरींनाच भितोस.’ दुपारी मी तार सोडली. संध्याकाळी पुन्हा बांधलेली!

शुक्रवार, ७ मार्च

झरझरचा हात गेला रुळांत. उजवा.

शनिवार, ८ मार्च

काल पुढे लिहवलं नाही. चादरी लावायला तिच्याइतकी चपळ कुणी नाही, म्हणून सगळ्या तिला झरझर म्हणतात. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. नवरा नाही, एक मुलगी आहे, तिला नर्स व्हायचंय. इस्पितळात तिच्या खाटेवर चादर आमचीच होती. कोपऱ्यावरची खूण मी ओळखली. मग दुसरीकडे बघत बसलो.

तीन बोटं वाचणार नाहीत म्हणतात. आज ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती.

रविवार, ९ मार्च

स्वप्नात लॉन्ड्री. निळा वाघ छप्पर फोडून आत आला. दार सताड उघडं होतं! छपराच्या काचा सगळ्या धुतलेल्या चादरींवर. म्हटलं, ‘बाबा रे, बेल आहे, दार आहे...’ तो म्हणे, ‘कोण संकटात आहे?’ म्हटलं, ‘आधी नव्हतं कुणी, आता या चादरी आहेत.’ त्यावर त्याने पाठीवरची झूल काढून माझ्या हातात दिली – डाग काढ, आणि खळ जरा कडक कर!

पहाटे उठून बराच वेळ देवापुढे बसलो. मन लागेना. डोळे मिटले की झूल.

सोमवार, १० मार्च

मालकाने केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून दार लावलं, खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच समजायला हवं होतं.

‘गुरुवारी तपासणी अधिकारी येणार. एक बाई आहेत. पट्टीचं विचारतील.’

‘हं.’

‘पट्टी झरझरनेच बांधली होती. हात भरभर चालावा म्हणून.’

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तोही बघत राहिला, डोळे न हलवता. हे त्याला लहानपणापासून जमतं.

‘मला खोटं बोलता येत नाही,’ मी म्हटलं.

‘अरे, तुला खोटं बोल म्हणतोय का मी? तू देवाधर्माचा माणूस. तू फक्त पाहिलं नाहीस. न पाहणं हे काय खोटं असतं?’ मग खांद्यावर हात. ‘ढब्बू, मी नसतो तर तू आज कुठे असतास?’

शेवटच्या पानावरचं वाक्य! मला वाटत होतं तो ते सगळं विसरला. वाक्य माझं, आता म्हणायलाही तोच लागला.

घरी सांगितलं. बायको कपडे वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘नोकरी जाईल.’ पुढचा कपडा झटकून म्हणाली, ‘आणि नाही बोललात तर तुमची झोप जाईल. तशी ती आहे कुठे!’

मंगळवार, ११ मार्च

इस्पितळात गेलो. झरझर उशाला टेकून बसली होती. हाताचं गाठोडं बांधलेलं. मुलगी औषधं आणायला गेली होती.

‘दादा, एक बोलायचं होतं. मालक येऊन गेले काल...’

माझं डोकंच फिरलं. आजारी बाईच्या खाटेशी येऊन दम देतो! म्हटलं, ‘तू घाबरू नकोस. मी पाहिलंय सगळं. मी बघतो काय करायचं ते.’

‘तसं नाही दादा, ऐका तर...’

‘तू काही बोलू नकोस. आराम कर.’

छाती भरून आली होती माझी. जिन्यावरून उतरताना पाठीवर झूल असल्यासारखं वाटत होतं. थुत् तुझी! पन्नाशीचा मुकादम, एक गुडघा दुखरा, आणि झूल!

बुधवार, १२ मार्च

देवा, उद्या जीभ अडखळू देऊ नकोस. एवढंच.

गुरुवार, १३ मार्च

झालं!

बाई बारीक अंगाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. यंत्र पाहिलं, तार हातात धरून पाहिली. मालक त्यांच्याआधी उत्तरं देत होता. त्यांनी त्याला बाहेर उभं केलं – शाळेत गुरुजी करायचे तसं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

‘ही पट्टी कुणी बांधली?’

‘मालकांनी. माझ्यादेखत. मी सोडली, त्यांनी पुन्हा बांधली.’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘नक्की? मला दुसरंच सांगितलंय.’

‘सांगणारच की ते!’ मी म्हटलं. ‘सही कुठे करू?’

बाहेर आलो तर मालक भिंतीला टेकून उभा. त्याला काचेतून सगळं दिसलं असणार. नुसतं म्हणाला, ‘तू?’ एवढंच. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच ढब्बू म्हटलं नाही.

रात्री पोटभर जेवलो. बायको म्हणाली, ‘बेकार माणसाला भूक बरी लागते.’ पण वाढत होती हात सैल सोडून.

शुक्रवार, १४ मार्च

आज वाघ आलाच नाही. मुखवटा मीच लावला होता! आत घाम येतो, नाक खाजतं, समोरचं निम्मं दिसत नाही – हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. गावच्या शाळेवरून उडत गेलो. खाली पोरं ओरडत होती. दार उघडं दिसत होतं, तरी छपरातून गेलो. काय आवाज झाला! फार मजा वाटली.

जागा झालो तर हसत होतो. देवाला दोन्ही हात जोडले. चड्डीचं सांगितलं नाही त्याला.

शनिवार, १५ मार्च

यंत्राला सील लागलं. लॉन्ड्री बंद. बायका घरी. एकीने फाटकाशी मला पाहून तोंड फिरवलं. दोन दिवसांत कळेल त्यांना. सत्य आधी कडूच लागतं, असं मी मनाशी म्हणालो, आणि मग ते वाक्य वाघाचं की माझं, काही केल्या आठवेना.

सोमवार, १७ मार्च

झरझर दारात. मुलीने धरून आणलेली. आत ये म्हटलं तरी येईना.

‘पट्टी मीच बांधली असं मी त्या तपासणीच्या बाईंना आधीच इस्पितळात सांगून बसले होते, दादा. मालक मला घड्या तपासायच्या खुर्चीवर बसवणार होते, कायमचं. हिच्या नर्सिंगचं बघणार होते. खूप भांडून कबूल करून घेतलं होतं मी. आता म्हणतात, कोर्टात भेट. तिथे म्हणे मलाच खोटी ठरवतील.’

मी म्हटलं, ‘पण ते खोटं होतं ना.’

‘होतं की. पण हात माझा होता, दादा.’