माप एकदाच

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी एका गिऱ्हाइकाचं माप बघायला फोन घेतला, तर ॲपवर पडदाभर नोटीस. "आमच्या जुन्या, लाडक्या ग्राहकांनो." लाडकं म्हणून सुरुवात झाली तेव्हाच समजले, आता काहीतरी मागणार. मागितलंच. यापुढे दरवर्षी पैसे. नाही भरले तर ३० तारखेनंतर शेवटच्या पन्नास नोंदी उघडतील, बाकीच्यांना कुलूप.
माझ्या नोंदी ४३१. म्हणजे ४३१ बायका. छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा आणि प्रत्येकीच्या अंगाची खोड.
आठ वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेलं हे ॲप. "एकदाच पैसे, कायमचं तुमचं" असं लिहिलं होतं, म्हणून तर घेतलं. जुन्या वह्या त्याच आठवड्यात रद्दीत घातल्या, मोठ्या रुबाबात. त्याच जोरावर दुकानात पाटी लावली: "माप एकदाच घेतले जाईल. तारीख म्हणजे तारीख. गप्पा काम झाल्यावर."
सुमन काजं करता करता म्हणाली, "ताई, मग आता पाटी काढायची का?"
नाही काढायची.

५ नोव्हें., बुध.
मैत्रेयीला सांगितलं. लेक आयटीत, तिच्या लेखी हा विषयच नाही. "आई, वर्षाला दोन ब्लाऊजच्या शिलाईएवढे पैसे आहेत. भरून टाक ना, व्हॉट्स द बिग डील."
डील झालं होतं. आठ वर्षांपूर्वी. तेच तर म्हणतेय.
पैसे नाहीत असं नाही. देणार नाही.

७ नोव्हें., शुक्र.
पावती सापडली. बाबा पोस्टात होते, कागद फेकायचा नाही ही सवय त्यांची. मेलमध्ये आठ वर्षं जपलेली. स्पष्ट लिहिलंय, आजीवन.
कंपनीला मेल केला. मैत्रेयीने इंग्रजी करून दिलं, पण माझी दोन वाक्यं तिने गाळली. ती मी मराठीतच खाली घातली. त्यांना वाचता नाही आली तरी राहू देत तिथे.

१० नोव्हें., सोम.
उत्तर आलं. कुणी सॅम. "आमच्या प्रवासात सोबत असल्याबद्दल आभार." मी कुठल्याही प्रवासाला निघाले नव्हते. मी वाघोलीहून नारायण पेठेत बसने येते, तेवढा प्रवास मला पुरतो.
आजीवनचा अर्थही कळवलाय. ॲपच्या त्या आवृत्तीचं जीवन. ते संपलं म्हणे. माझं चालू आहे, हे त्यांना कळवलं.

११ नोव्हें., मंगळ.
ठरलं. सगळ्या नोंदी हाताने वहीत उतरवणार. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी तीन वह्या आणल्या. रोज पंचवीस काढल्या तरी होतील.
मै. म्हणते स्क्रीनशॉट काढ, दोन तासांचं काम. म्हणजे फोनमधून काढून फोनमध्येच ठेवायच्या? आगीतून फुफाट्यात. वही म्हणजे वही.
ॲपमध्ये आडनावांप्रमाणे लागल्यात, तशाच घेणार. अ पासून. अभ्यंकर, आगाशे, आपटे… सु. हसली. "ताई, शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतंय."

१४ नोव्हें., शुक्र.
बसमध्ये लिहून बघितलं. खराडीच्या सिग्नलला ३६ चे ३८ झाले. आता बसमध्ये नाही.
लिहिता लिहिता माझीच खूण वाचून हसू येतं. उ.खां.उ. म्हणजे उजवा खांदा उतरता. ह.दो. म्हणजे हळदीकुंकवाला दोन ताटं जेवते, दोन बोटं जास्त ठेव. एका ठिकाणी नुसतंच लिहिलंय, "नवऱ्यासमोर माप सांगू नये."
हे सगळं मी त्या सॅमच्या कपाटात ठेवलं होतं. विचार केला तर लाजच वाटते.

१७ नोव्हें., सोम.
लेले काकूंचा फोन. नातीचं लग्न ठरलं, १४ डिसेंबर. मोरपंखी पैठणी घेतलीय, त्यावर ब्लाऊज हवा. "माझं माप आहेच ना गं तुझ्याकडे? आता मला काही ते परत जमायचं नाही."
"आहे काकू. माप एकदाच."
काकू अठ्ठ्याहत्तरच्या. आठ वर्षांपूर्वी, ऑपरेशननंतर, डावी बाजू काढल्यावर आल्या होत्या. दुकानाचं शटर अर्धं ओढून माप घेतलं होतं. पूर्ण वेळ भिंतीकडे बघत होत्या. आतून खिसा, त्यात कापसाची गादी, किती जाड, कुठून कुठपर्यंत, मुंढा किती सैल, सगळं नोंदवलंय. शेवटची ओळ लाल अक्षरात: "बोलायचं नाही." त्यांच्या सुनेलाही ते माप माहीत नाही.
दोन वर्षांत काही शिवलेलं नाही त्यांचं, म्हणजे नोंद कुलपात जाणारी. पण ल यायच्या आत ३० तारीख येत नाही. आत्ता क चालू आहे. क फार आहेत.

२१ नोव्हें., शुक्र.
ग, घ, च झाले. जोशी सतरा निघाल्या. अंगठा कात्रीने आधीच दुखतो, त्यात पेन.
एका गिऱ्हाइकाने वही बघून विचारलं, "अहो, हे काय, एवढं मोठं फोनमध्ये होतं ना तुमच्या?"
म्हटलं, "होतं. आता आपण वहीत राहायला आलोय."

२४ नोव्हें., सोम.
द संपला. मै. रात्री जेवताना म्हणाली, "मी भरते, तुला कळणारही नाही." म्हटलं, भरलेस तर मी ॲप उघडणार नाही, आणि तुझे ब्लाऊज बाहेर शिवून घे. तिने भाजी वाढून घेतली. बाहेरची शिलाई तिला माहीत आहे.

२६ नोव्हें., बुध.
देशपांडेंच्या नवरीचे अकरा ब्लाऊज शनिवारी द्यायचेत. सु. ची मुलगी तापाने आजारी, ती सुट्टीवर. एकटी आहे. वही आज उघडली नाही.

२७ नोव्हें., गुरु.
आजही नाही. चार ब्लाऊज झाले.

२९ नोव्हें., शनि.
अकराच्या अकरा दिले, दुपारी चारला, बोलले होते त्या वेळेला. नवरीची आई म्हणाली, दुसरीकडे कुणी तारीख पाळत नाही हो. बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, या चार दिवसांत एकही नोंद उतरली नाही. आपण तारीख पाळायची आणि त्यांनी…
उद्या रविवार, पूर्ण दिवस बसणार.

३० नोव्हें., रवि.
सकाळी सातपासून बसले. प, फ, ब, भ. म संपता संपेना. मै. ने जेवण हातात आणून दिलं. दुपारी ती म्हणाली, "आई, आधी लेले आजींचं काढ." म्हटलं, मध्येच उडी मारली की माझं चुकतं, रांगेत येईल. येतंच आहे.
संध्याकाळी र. मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे, व पर्यंत तरी जाऊ, असा हिशोब.
साडेआठला र ची शेवटची नोंद लिहीत होते. कंबर लिहिली आणि पडदा पांढरा झाला. मग कुलपाचं चित्र.
कंपनी पूर्वेकडच्या कुठल्या देशातली. त्यांच्याकडे बारा वाजले.
ल पासून पुढच्या, त्या पन्नासांत नसलेल्या, सगळ्या गेल्या. ८८.

१ डिसें., सोम.
यादीत नाव दिसतं. "लेले काकू. डावीकडे" एवढंच, पुढे टिंबं. बोट लावलं की पैशांचं पान उघडतं. महिन्याचे घेतच नाहीत, वर्षाचेच.
फोन आला त्याच दिवशी काढून ठेवायचं होतं. दोन मिनिटांचं काम. पण नाही, मी अ पासून जाणार. स्क्रीनशॉटचंही मै. बरोबर म्हणत होती. हे फक्त इथे लिहितेय.

२ डिसें., मंगळ.
दुपारी काकूंच्या सुनेने पैठणीचं ब्लाऊजपीस आणून दिलं. "आई म्हणाल्या, माप आहे तुमच्याकडे."
हो म्हटलं. खोटं बोलले.
संध्याकाळी कार्डाचे आकडे घालेपर्यंत गेले. शेवटचं बटण राहिलं होतं. सु. बघत होती. सुईत दोरा ओवत राहिली.
माझ्या हट्टापायी एका म्हाताऱ्या बाईला पुन्हा कपडे उतरवायला लावायचे का, एवढाच प्रश्न आहे. आणि भरले तर? पुढच्या वर्षी पुन्हा ८८ बायका ओलीस. त्याच्या पुढच्या वर्षीही. माझ्या बायका, माझ्या टेपने मोजलेल्या, आणि किल्ली त्यांच्याकडे.
कार्ड पर्समध्ये ठेवलं. काकूंना खरं सांगणार. रागावल्या तर रागावल्या.

४ डिसें., गुरु.
गेले होते. काकू गाऊनवर, खिडकीपाशी. हात फार बारीक झालेत.
सगळं सांगितलं, ॲप, कुलूप, ल. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पैसे भरले तर मिळतंय का?"
"मिळतंय. मीच भरत नाहीये."
"का?"
"एकदाच म्हणाले होते, काकू."
काकूंनी गाऊनची बाही ओढून सारखी केली. मग, "तूही एकदाच म्हणाली होतीस."
हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. म्हटलं, चुकलं माझं, तुम्ही पुन्हा माप नको म्हणालात तर आत्ता इथे बसून पैसे भरते. तोंड वर करून बघायचं धाडस झालं नाही. ज्या मापाची आठ वर्षं ऐट मिरवली तेच मागावं लागलं. विचारलं, एखादा जुना ब्लाऊज आहे का मापाला?
त्यांनी कपाटातून माझाच शिवलेला काढला. गाऊनवरूनच अंगाला लावला. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं ढगळ. काकू आरशात बघून म्हणाल्या, "ही कोण जाड बाई होती गं?"
म्हणजे नोंद मिळाली असती तरी ब्लाऊज चुकलाच असता. आठ वर्षांत मी एकदाही पुन्हा टेप लावला नव्हता. पाटी होती ना. याचा अर्थ कंपनीने उपकार केले असा मुळीच नाही.
"दार लाव," काकू म्हणाल्या. "आणि ते पैसे भरू नकोस. घे माप."

तोच दिवस, नंतर.
मघाशी बस आली म्हणून अर्धवट राहिलं.
या वेळी भिंतीकडे वळल्या नाहीत. डावा हात मीच धरून वर केला. टेप फिरवला तेव्हा म्हणाल्या, "किती आलं?" मी उजवीकडचं सांगितलं. "ते नाही. डावीकडचं सांग." सांगितलं. "लिहिलंस?" लिहिलं. "खरं लिही हो, मला बरं वाटावं म्हणून नको."
मग म्हणाल्या, "तेव्हा तू काही विचारलं नाहीस ना, फार बरं वाटलं होतं. नंतरही कधी विचारलं नाहीस. दर वेळी यायचे, कापड ठेवायचे, तू म्हणायचीस काकू तारीख अमुक. मला वाटायचं आज तरी…"
मी लाल अक्षरात लिहून ठेवलं होतं. आठ वर्षं तंतोतंत पाळलं. त्यांच्यासाठी पाळतेय अशीच माझी समजूत होती.
त्यानंतर तासभर बोलल्या. काय बोलल्या ते इथेही लिहीत नाही. सुनेने दोनदा दार वाजवलं, चहा गार झाला. निघताना मला रडू आवरेना. काकूंना आवरलं होतं.

६ डिसें., शनि.
आजच्या दिवशी दुकान बंद, दरवर्षीप्रमाणे. सकाळी पुतळ्याला फुलं वाहून आले. गर्दीत बाबांच्या वयाचे एक गृहस्थ पुस्तकांच्या स्टॉलवर प्रत्येक पुस्तकाची पावती मागत होते. ओळख नसताना त्यांना जयभीम केला.

९ डिसें., मंगळ.
काकूंचा ब्लाऊज कापला. मऊ अस्तर, आतून खिसा, गादी पूर्वीपेक्षा पातळ.
बाकीच्या ८७ जणींना एकेक करून फोन. एक म्हणाली, "म्हणजे आमचं माप हरवलं तुमच्याकडून?" हो म्हटलं. दुसरी म्हणाली बरं झालं, मी आठ किलो वाढलेय, सांगायची लाज वाटत होती. दोघींनी फोन ठेवून दिला. त्या बहुतेक गेल्या दुसरीकडे. वाईट वाटलं, पण त्यांचा राग रास्त आहे.
पाटी बदलली. सु. ने अक्षर काढलं: "माप दरवर्षी घेतले जाईल. त्याचे पैसे पडणार नाहीत. तारीख म्हणजे तारीख." गप्पांची ओळ गाळली. सु. ने विचारलं का, म्हटलं जागा नव्हती.

११ डिसें., गुरु.
सॅमचा मेल. "तुमची उणीव भासते." ३१ तारखेपर्यंत निम्म्या पैशांत परत या. मै. ने वाचून दाखवला, आणि मग हळूच, "आई, निम्मे म्हणजे…" माझ्याकडे बघून थांबली.
ॲप अजून फोनमधून काढलेलं नाही. ८७ मधल्या एकतीस जणींचे नंबर बदललेत, त्या कुठे आहेत कोण जाणे. काही तर आता नसतीलही. कुलपाआड त्यांची नावं दिसतात. ३१ तारखेला अजून वेळ आहे. भरणार नाही, असं आज तरी वाटतंय.
काकूंचा ब्लाऊज तयार आहे, हुका लावायच्या राहिल्यात. उद्या त्यांच्या घरी ट्रायल. वहीत त्यांचं पान पूर्ण केलं, सगळे आकडे, गादीची जाडी, डावा हात किती वर जातो ते. शेवटच्या ओळीला सवयीने लाल पेन घेतलं आणि "बो" लिहून थांबले.
पुढचं उद्या ट्रायल झाल्यावर.