आठ कोअरांची वाटणी

४ मार्च

सर्व्हरमध्ये आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ मेंदूच. एक घाम गाळतो, सात स्वस्थ बसून आहेत, आणि मागण्यांची रांग मात्र वाढतेच आहे. साहेब म्हणाले, "बाकीचे सात काय पाहुणे आलेत?"

कोडे सोपे आहे. आमचा डेटाबेस सारी माहिती मेमरीत ठेवतो आणि एकाच थ्रेडने, म्हणजे एका वेळी एकच, मागणी हातावेगळी करतो. गोंधळ नाही – पण कोअर वाढवून वेगही वाढत नाही.

७ मार्च

आठही कोअर एकाच माहितीवर सोडले, तर प्रत्येक नोंदीला कुलूप लावावे लागेल आणि सारा वेळ कुलपापाशी ताटकळण्यात जाईल. त्यापेक्षा माहितीचेच आठ वाटे करावेत. ज्याचा वाटा त्याने सांभाळावा, दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. नामी युक्ती!

८ मार्च

आई-बाबांच्या घरीही हेच. बाबांना आता काही आठवत नाही. आई एकटी खपते, आम्ही दोघे भाऊ बघे. जेवणाच्या टेबलावर आखून दाखवले – आई दादाकडे, बाबा माझ्याकडे.

वहिनी म्हणाली, "भावजी, माणसं आहेत ती."

"म्हणूनच समान वाटतोय."

दादा हसला. आई म्हणाली, "अरे, मी समोर बसल्याशिवाय ते घास घेत नाहीत." सवय लागेल, म्हटले.

१५ मार्च

वाटे झाले. वेग सहापट! साहेबांनी सर्वांसमोर पाठ थोपटली. संध्याकाळी आई दादाकडे गेली, बाबांना मी माझ्या घरी घेऊन आलो.

१९ मार्च

एक व्यवहार अडकला. त्याच्या दोन नोंदी दोन वाट्यांत पडलेल्या. एक कोअर दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत थांबे. दुरुस्ती सोपी – एकत्र लागणाऱ्या नोंदी एकाच वाट्यात ठेवायच्या. दुपारपर्यंत उरकले.

बाबा जेवत नाहीत. हट्टीपणा. ताट उचलून ठेवले; भूक लागली की मागतील.

२२ मार्च

आईचा फोन. "जेवले का रे? नुसतं 'घ्या' म्हण त्यांना, माझ्यासारखं –"

"आई, वळण लागू दे." मीटिंग होती. फोन ठेवला.

२३ मार्च

दोन गोष्टी वेगळ्या करता येतील का, हे ओळखण्याची एक साधी चाचणी. त्यांतली एक एकटी ठेवावी, सोपा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी ती कुठे वळते ते पाहावे.

बाबांना विचारले, "भूक लागली आहे?"

त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. अजून पाहत आहेत.