शहाबादीवरचं सारवण

आई, आपलं जुनं देऊळ पाडलं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि तेव्हाच्या माणसांतली आता मी एकटीच उरले आहे. हल्ली सगळे चर्च म्हणतात. मी देऊळ म्हटलं की करंजाड्याच्या टॉवरमधून रविवारच्या मिस्साला येणारी मंडळी मागे वळून बघतात, ही टीचर नक्की कुठे निघाली म्हणून. मी मुद्दाम म्हणते. म्हातारपणी एवढी खोडी चालते.

बाबा गेल्यावर गव्हाणहून तू मला घेऊन पनवेलला आलीस, वीटभट्टीवर लागलीस, तेव्हा देऊळ म्हणजे नुसती पत्र्याची शेड होती. बाक नाहीत, लाद्या नाहीत, मातीची जमीन. शनिवारी भट्टीवरून येतेस, अंग धुतेस आणि शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघतेस; मागून मी कळशी सांभाळत. वेदीपासून सुरुवात करून तू उकिडवी मागे मागे सरकत दारापर्यंत येतेस. मी हात घालायला गेले की म्हणतेस, "तू ऱ्हाऊ दे. तुजा हात कच्चा हाय, पोपडे धरतील." रविवारी त्या गार जमिनीवर चटया पडायच्या आणि तू पहिल्या रांगेत, वेदीच्या अगदी समोर बसायचीस. तुला कुणी ती जागा दिली नव्हती, पण तिथे दुसरं कुणी बसतही नसे. पुढे पक्कं देऊळ बांधायचं ठरलं. मिस्सा संपली की प्रत्येकाने रस्त्यावरच्या ढिगातून दोन दोन विटा उचलून आत नेऊन ठेवायच्या, अशी पद्धत पडली. आठवडाभर विटाच वाहणारी तू रविवारीही वाहायचीस, आणि वर मलाच हसायचीस, दोन विटांत दमले म्हणून.

पक्क्या देवळात शहाबादी फरशी आली. पहिलाच सण. आदल्या दुपारी बायका फुलं लावत होत्या, आणि तू पाटी घेऊन आत आलीस. वेदीसमोर बसून सारवायला लागलीस. कुणीतरी म्हणालं, अगं फरशी आहे ही. तू म्हणालीस, "सनाला देवाची जमीन कोरडी ठेवतात काय?" दगड शेण धरत नाही, ते वरच ओलं राहिलं, आणि नवे फादर, शहरातून नुकतेच आलेले, घाईघाईने आले ते त्यातच पाय देऊन. घसरले नाहीत, पण पांढरा झगा खाली हिरवा झाला. "बाई, हा गोठा नाही," एवढंच बोलले. ओरडले नाहीत. तू "हां फादर" म्हणालीस आणि गोणपाट ओलं करून सगळं पुसून काढलंस. घरी येताना मी फादरना नावं ठेवत होते. तू म्हणालीस, "त्यांच्या घरी सारवत नसतील. त्यांना कसं कलनार?" मला वाटलं, विषय संपला. पण त्या रविवारपासून तू पुढे बसली नाहीस. दाराशी, मागच्या भिंतीला टेकून बसलीस ती कायमची. कुणी विचारलं की सांगायचीस, तिथं वारा लागतो. बाक आले तरी खालीच. तुझ्या डोक्याच्या तेलाचा भिंतीवर डाग पडला, टोपलीच्या बुडाएवढा. दरवर्षी रंग लागायचा आणि पावसाळ्यात तो डाग पुन्हा वर यायचा. तू गेल्यावरही येत राहिला.

सिमित्रीत जागा कमी, तुला माहीतच आहे. काही वर्षांनी कबर उघडून दुसऱ्याला देतात. तुझीही दिली. मी तक्रार केली नाही, पद्धतच आहे. पण त्यानंतर तुझं म्हणून या गावात काही उरलं असेल तर तो डाग. माझ्या बाकावरून जरा मान वळवली की दिसायचा.

म्हणून नवं देऊळ बांधायची मीटिंग फादरच्या ऑफिसात ठरली, तेव्हा मी मुद्दाम गेले. देऊळ गळत होतं, भिंतींना भेगा होत्या, आणि माणसं चौपट. कमिटीतल्या इंजिनिअरने नकाशा पसरला. आत्ताचे फादर पोरगेलेसे आहेत, मंगळूरकडचे, मराठी शिकून बोलतात. मीटिंगच्या मध्येच म्हणाले, "टीचर, तुम्ही सगळ्यात जुन्या. तुमचं नाही असेल तर मागची भिंत आपण ठेवू. थोडं डिझाइन बदलेल, बस." त्यांना भिंतीचं कुणी सांगितलं देव जाणे. रागावणारे असते तर मी भांडले असते. गोड माणसापुढे काय करायचं? मी खिडकीतून बाहेर पाहिलं. देवळात पाहुण्या फादरची मिस्सा संपत आली होती, आणि बाहेर उन्हात तान्हं पोर घेतलेली एक बाई छत्री धरून उभी होती, स्पीकरवरून प्रार्थना ऐकत. माझ्या मनात आलं, हीसुद्धा दाराबाहेरच. एकीची जागा राखायला दुसरीला उन्हात ठेवायचं? मी म्हटलं, "पाडा." फादरना खरं वाटेना, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं.

पाडताना मी गेले नाही. नवं देऊळ मोठं आहे, उंच, उजेडाचं. दाराशी कुणी जमिनीवर बसत नाही. टेकायला भिंतच नाही, काचा आहेत. लोक मला पुढच्या बाकावर बसवतात, जुनी म्हणून.

एक गोष्ट मात्र फादरना सांगितली नाही, मुलांना नाही, आणि हे पत्रही कुठे जाणार नाही म्हणून लिहिते. मला नवं देऊळ आवडलं, आई. जुन्यात कितीतरी वर्षं माझी प्रार्थना धड झालीच नव्हती. अर्धं लक्ष मागे, तुला तिथे का बसावं लागलं याच्यावर. इथे मान वळवावीशी वाटत नाही. मिस्सा सुरू होते, मी गुडघ्यावर येते, आणि प्रार्थना लागते. गेल्या रविवारी सबंध मिस्सा झाली, आणि तुझी आठवण एकदाही आली नाही. रिक्षात बसल्यावर ते लक्षात आलं, मी पदर तोंडाला लावला, आणि रिक्षावाल्याला विचारावं लागलं, "काकी, बरं वाटत नाय का?"