कपडे धुणारी मृत्यूबाई

देवास, १२ ऑक्टोबर १९८१

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. प्रकृती बरी आहे. डोकं मात्र तापलं आहे.

माझी अद्भुतकथा संपादकांनी परत पाठवली. तीत मृत्यू बाईच्या रूपात येतो आणि मरणाऱ्याचे कपडे आदल्या दिवशीच धुऊन ठेवतो. ते लिहितात, "बाई, ही तर केल्टिक पुराणातली चोरी! आपला यम आणि त्याचा रेडा कमी पडले का?"

चोरी म्हणे! कॉलेजच्या वाचनालयात शोधलं. आयर्लंडच्या जुन्या कथांच्या एका पुस्तकात ओढ्यावर रक्ताळलेले कपडे धुणारी अशी बाई खरंच आहे. पण माझी बाई धारची आहे. तात्या गेले त्याच्या आदल्या दिवशी आईने मुंज तलावावर त्यांचा कोट धुतला होता. तुला आठवतं ना? की हे मी मागाहून रचलं? आईला विचारू नकोस. मी तिलाच मृत्यू केलं असं तिला वाटेल. तिचे गुडघे कसे आहेत?

संपादकांना खरमरीत उत्तर लिहिलं आहे, पण अजून टाकलेलं नाही.

तुझी,
सुमंगला

ता. क. उद्याचं काम डायरीत लिहून ठेवलं आहे: ते पुस्तक मी पूर्वी कधी घरी नेलं होतं का, हे वाचनालयाच्या रजिस्टरात पाहणे.