खिडकीकडे हो, दाराकडे नाही

२५ ऑक्टोबर

निकाल लागला. बहुमत कुणालाच नाही. आपल्या श्रमिक पक्षाच्या चौदा जागा — आणि त्या चौदांवाचून कुणाचंच सरकार बनत नाही! इतकी वर्षं आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. आज टीव्हीवाले पत्ता विचारत विक्रोळीत आले. मी शाखाप्रमुख, म्हणून माईक माझ्यापुढे. काय बोलले ते आठवत नाही, पण ठणकावून बोलले.

किरण म्हणतो, "आई, टीव्हीवर जाडी दिसत होतीस." दिसू दे. आईला टीव्हीवर बघायला नशीब लागतं म्हटलं.

२७ ऑक्टोबर

अध्यक्षांचा फोन. नगरविकास पक्षाबरोबर सरकार करायचं घाटतंय.

ऐकून तोंड कडू झालं. हेच ते नगरवाले. मागे सत्तेत असताना ह्यांनीच खाडीकाठची आमची वस्ती पाडली. आडवी झोपले म्हणून पोलिसांनी मला फरफटत गाडीत घातलं होतं. सोनूबाईचं घर डोळ्यांदेखत गेलं. म्हातारी अजून संक्रमण शिबिरात राहते. तिथे नळाला पाणी कमी आणि भिंतीला जास्त.

अध्यक्ष म्हणाले, "रतनताई, घरांचं खातं आपल्याला मिळतंय. खाडीवाल्यांना पक्की घरं, आपल्याच हाताने. पण शाखा हो म्हणाल्या तर."

मी म्हटलं, "विक्रोळीचं माझ्यावर सोडा."

शब्द देऊन बसले. नंतर बराच वेळ नुसती कांदा चिरत होते. भाजी कसलीच करायची नव्हती.

२८ ऑक्टोबर

ऋतिकाला सांगितलं. वाटलं होतं, सून आहे, वर मीच तिला पक्षाची सभासद केलंय, ऐकेल. पवईच्या ऑफिसातून आली होती, चप्पल काढता काढता थांबली.

"आई, ज्यांनी घरं पाडली त्यांच्याच मांडीवर बसायचं?"

"मांडीवर नाही गं. शेजारच्या खुर्चीवर."

"खुर्ची त्यांचीच ना?"

मी म्हटलं, तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली, मी वीस वर्षं मार खाल्लाय. ती म्हणाली, "म्हणूनच तर विचारतेय. तुम्ही विसरलात कशा?" विसरले नाही. माझा डावा खांदा थंडीत अजून दुखतो. पण खांद्यासाठी सोनूबाईला आयुष्यभर त्या शिबिरात ठेवू?

किरण मधे पडला नाही. दोघींना चहा दिला आणि पोरगं गॅलरीत जाऊन बसलं. बापावर गेलाय.

२९ ऑक्टोबर

अबोला. चपात्या मात्र तिनेच केल्या. माझ्या मऊ, किरणच्या कडक — रोजच्यासारख्या.

३१ ऑक्टोबर

उद्या सभा. आपल्या पक्षात चिठ्ठ्या टाकून मत देत नाहीत. समाजमंदिरात सतरंजी अंथरायची. हो म्हणणारे खिडकीकडे बसतात, नाही म्हणणारे दाराकडे. वडीलधारी माणसं आधी, शाखाप्रमुख सगळ्यांत शेवटी. कोण कुठे बसलं ते सगळ्यांना दिसतं. आणि जी बाजू हरेल तिच्यातल्याच माणसाने निकाल परळच्या कार्यालयात नेऊन सांगायचा, म्हणजे कुणी म्हणायला नको की फिरवला. बाकीचे पक्ष हसतात आम्हाला. हसोत. त्यांच्या कार्यकर्त्यांना सरकार कुणाबरोबर झालं ते पेपरात कळतं.

आज सतरंजी झटकायला गेले तेव्हा बघितलं, दाराकडचा पंखा बंद पडलाय. खिडकीकडचा झकास चालतो. वायरमनला बोलवायचं होतं. नाही बोलवलं. ऑक्टोबरचा उकाडा काय म्हणतात तो नोव्हेंबर तोंडावर आला तरी हटत नाहीये, आणि आमच्या म्हाताऱ्या वारा बघून बसतात.

राजकारण आहे बाई. सगळंच काही भाषणाने होत नाही.

१ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

समाजमंदिर गच्च. कामावरून परस्पर आलेली माणसं, डबे हातात. मी बोलले. घरांचं खातं, पक्की घरं, संधी पुन्हा येणार नाही. टाळ्या बऱ्या पडल्या. मग म्हणाले, बसा आता. म्हाताऱ्या उठल्या आणि सोनूबाईच्या मागोमाग सरळ खिडकीकडे. मी मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात ऋतिका उठली. मला वाटलं भाषण करणार. ती भाषणबिषण न करता भिंतीकडे गेली आणि पंखा बंद केला.

"आता बसा," म्हणाली. "दोन्हीकडे सारखं उकडू दे."

असं हसलं सगळं समाजमंदिर! मीच तेवढी हसले नाही. कान तापले. घरची सून, भरल्या सभेत सासूची चोरी पकडते! आणि खरं सांगू? त्याच क्षणी वाटलं, अरे, ही तर आपल्यापेक्षा तयार निघाली. हिला सभासद कुणी केलं? मी केलं.

दोघीचौघी म्हाताऱ्या ओशाळून उठल्याही. सोनूबाई हलली नाही. घामाने चेहरा निथळत होता. पदराने पुसला आणि ऋतिकाला म्हणाली, "पोरी, मी काय वाऱ्याला नाय बसले. मला मरायच्या आधी दाराला माझी कडी लावायचीय. ज्यांनी पाडलं त्यांच्याकडूनच बांधून घ्यायचं. त्यात लाज त्यांना वाटायला पायजे, मला कशाला?"

मग माणसं उठायला लागली. एकेक करून खिडकीकडे. उठलेल्या म्हाताऱ्याही परत आल्या. दाराकडे ऋतिका आणि तिच्यासारखी थोडी तरुण पोरं उरली. ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जागची हलली नाही. सोनूबाईचं ऐकून सरकली असती तर मला वाईट वाटलं असतं. हे मी कुणाला सांगणार नाही.

मी शेवटी खिडकीकडे बसले. पंखा कुणीच परत लावला नाही.

३ नोव्हेंबर

हरलेल्या बाजूने निकाल न्यायचा म्हणून ऋतिका परळला गेली. ऑफिसात सुट्टी टाकून. सोबत म्हणून मी, पण बोलायचं तिनेच.

काही शाखांची माणसं कुरकुरत सांगत होती. आमचा होकार आहे पण, आमचा नकार आहे तरी. ऋतिका उभी राहिली. "जयभीम. विक्रोळी शाखा. मी विरोधात होते. शाखेने हो म्हटलंय, खाडीवाल्यांच्या घरांसाठी. घरांसाठीच, हे लिहून घ्या." आणि बसली. स्वतःविरुद्धचा निकाल असा स्वच्छ आवाजात मी वीस वर्षांत ऐकला नाही.

अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, "कोण ही?"

"माझी सून."

नाव सांगायचं राहूनच गेलं.

एकूण शाखांचा कौल हो. येताना दोघींनी दादरला पियूष प्यायलं. पैसे तिने दिले, मी देऊ दिले.

७ नोव्हेंबर

शपथविधी. सोनूबाईला शिबिरातून घरी आणलं, टीव्हीपुढे बसवलं. आपले मंत्री शपथ घेताना म्हातारीने टीव्हीलाच जयभीम केला. इमारतीत पेढे वाटले. ऋतिकानेही खाल्ला. म्हणाली, "आई, खाती अजून वाटली नाहीत हां." मी म्हटलं, शुभ बोल गं बाई.

ऊर भरून आलाय आज. आम्हाला विचारून सरकार झालं. माझ्या सोनूबाईला विचारून झालं!

१२ नोव्हेंबर

खाती जाहीर झाली. घरांचं खातं नगरवाल्यांकडे. आपल्याला मत्स्यव्यवसाय आणि पर्यटन. अध्यक्ष फोन उचलत नाहीत.

शिबिरात जाऊन सोनूबाईला मीच सांगितलं. शब्द माझा होता. संध्याकाळी शाखेत राजीनामा दिला. सगळ्यांनी ऋतिकाला प्रमुख केलं, तिच्या विरोधात बसलेल्यांनीसुद्धा.

तिने तिथेच पहिली बैठक घेऊन ठरवलं — सोमवारी मोर्चा, आपल्याच सरकारवर. मला म्हणाली, "आई, घोषणा तुम्ही द्यायच्या. पुढे सोनूबाई आणि तुम्ही, मागे आम्ही."

कार्यकर्तीला प्रमुखाचं ऐकावंच लागतं. घसा बसलाय, हळद-दूध घेऊन झोपते.