गाळलेली ओळ

सुआमे, कुमासी
१४ मार्च

प्रिय क्वाजो भाऊजी,

तमालेला सगळे बरे असाल असं धरून चालते. इथे धूळ आहे आणि माझे गुडघे आहेत. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी तुमच्या दादांना जाऊन वर्ष होईल. माझे काळे कपडे उतरतील. तुम्ही दफनाला आला नाहीत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

आपली पांढरी गाडी अजून आहे. तुम्ही गेल्यावर ह्यांनी ती आपल्या गॅरेजच्या शेडमागे लावली ती लावलीच. परवा मी नवी बॅटरी घालून ती माम्पाँगच्या रस्त्यावर नेली. सत्तरच्या वेगाला तीच थरथर, पन्हळी पत्र्यावरून गेल्यासारखी. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता तसा ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवला. थरथर थांबली. पाय उचलला, परत आली. तीनदा करून पाहिलं.

म्हणजे तुम्ही बांधलेला गिअरबॉक्स ठीक होता. खोड इंजिनाला जोडलेल्या कन्व्हर्टरमध्ये होती (ब्रेक टेकला की त्याचीच पकड सुटते), आणि तो भंगारातून ह्यांनीच निवडून आणला होता.

ते भांडण मला रोज ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, "दादा, दोष माझ्या कामात निघाला तर माझे हात तोड." हे म्हणाले, "हात कुठायत? ती तर फुफू कुटायची मुसळं." सगळी शेड हसली. तुम्ही हातातले पाने खाली ठेवलेत आणि गेलात.

ब्रेकची युक्ती कुठे मिळाली म्हणाल. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातच होती. ह्यांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून सांगायची. त्या दिवशी सगळे कारागीर भोवती उभे होते आणि त्या ओळीत एक इंग्रजी शब्द मला लागेना. चाळिशीत अक्षरं शिकलेली बाई, अडखळले तर हसतील म्हणून ती ओळ सोडली आणि पुढची वाचली: गिअरबॉक्स उघडा.

शब्द मला पुढच्याच वर्षी कळला. तेव्हा हे अंथरुणाला खिळले होते. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. एकदा त्यांनीच विचारलं, "क्वाजोचं काही कळलं का?" मी म्हटलं, "नाही."

त्या शनिवारी या. आल्यावर सगळ्या शेडसमोर ती ओळ मी मोठ्याने वाचणार आहे. तुम्ही नाही आलात तरी वाचेन. गाडी मी कुणाला उघडू दिलेली नाही. कन्व्हर्टर तुमच्याच हातांनी निघावा.

त्या दिवशी अडखळायला लाजलेली,
तुमची वहिनी
अफ्राकोमा